समासासकट

कॉफी उकळून वर येईपर्यंत ओनेटा स्टिडम रोज सकाळी एकच काम करायची. पेपराचं क्रीडापान उघडायची, कालच्या सामन्यांच्या आकड्यांची चौकट बोटाखाली धरायची आणि पेन्सिलीने तिची बेरीज करायची. एकेका खेळाडूचे गुण मिळवत खाली यायचं, शेवटी संघाच्या एकूण गुणांशी ताडून पाहायचं. जुळलं की पेन्सिल कानावर जायची. नाही जुळलं की फोन. पेपरच्या कचेरीतला माणूस तिला आवाजावरून ओळखायचा.

"बोला, मिस ओनेटा. आज कुणाचे दोन गुण खाल्ले आम्ही?"

"दोन नाही, एकच. उत्तरार्धातला फ्री थ्रो. मी होते तिथे."

ती नेहमीच तिथे असायची. हार्लो कॉलेजच्या जिममध्ये, नवव्या विभागात, सहाव्या रांगेत, खांबाला लागून असलेल्या खुर्चीवर. मांडीवर हिरव्या कापडी पुठ्ठ्याची वही.

वहीचं हे खूळ फार जुनं. केंटकीच्या डोंगरातल्या शाळेत ती चौदाव्या वर्षी मुलींच्या संघातून बास्केटबॉल खेळायची आणि चांगली खेळायची. मग १९३२ साली राज्यभरच्या शाळांनी मुलींचं बास्केटबॉल बंद करून टाकलं. इतकं धावणं मुलींच्या प्रकृतीला झेपत नाही, असं मोठ्यांच्या सभेत ठरलं. मुली घरी जाऊन विहिरीचं पाणी आणि कोळशाच्या बादल्या वाहू लागल्या. ते झेपत होतं. ओनेटा रडत नाही, नुसती दाराशी उभी राहून मुलांचा खेळ बघते, हे पाहून मास्तरांनी तिच्या हातात स्कोअरची वही दिली. तेव्हापासून ती खेळली नाही, पण तिच्या समोर पडलेली एकही बास्केट नोंदीवाचून राहिली नाही.

पुढे लग्न झालं, तरी तिकडच्या रीतीप्रमाणे गावाला ती 'मिस ओनेटा'च राहिली. नवरा क्लेल गेला, मूल झालं नाही. शर्टांच्या कारखान्यात अडतीस वर्षं ती कॉलर शिवत होती. या सगळ्याबद्दल ती दोन वाक्यांपलीकडे बोलायची नाही. सामन्याबद्दल मात्र विचारा. १९५८चा कुठला सामना कुणाच्या चुकीने हातचा गेला, हे ती चूक करणाऱ्याच्या बापाच्या नावासकट सांगायची. रेडिओवर समालोचन करणारा माणूससुद्धा अडला की तिला फोन करायचा. हार्लोच्या समर्थकांच्या क्लबने १९८४ साली जेवणाच्या कार्यक्रमात तिला मानद सभासद केलं आणि कोटाला लावायची निळी पिन दिली. पिनेबरोबर नियमांचं एक पत्रकही होतं. ते सगळ्यांसारखंच तिनेही न वाचता ड्रॉवरमध्ये टाकलं. पिन मात्र ती चर्चलासुद्धा लावून जायची.

त्याच वर्षी टेरेल गेन्स मेम्फिसहून हार्लोला आला. साडेसहा फूट उंच, हडकुळा, अठरा वर्षांचा काळा मुलगा. या गावात काळी माणसं बोटांवर मोजण्याइतकी. मैदानावर त्याच्या नावाने छप्पर हलायचं. मैदानाबाहेर लोक पाठीवर थाप मारायचे आणि आपापल्या घरी जायचे. थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत वसतिगृहाची खानावळ बंद होती. तेव्हा दुय्यम कोच डुई रस्कने ओनेटाला फोन केला.

"मिस ओनेटा, तुमच्याकडे एक पान वाढवाल का? पोरगं बिस्किटं खाऊन झोपतंय."

ती म्हणाली, "एक कशाला, चार वाढते. पाठवून दे."

टेरेल आला, दारात वाकून आत शिरला आणि कोंबडी-डंपलिंगचं अर्धं पातेलं त्याने संपवलं. मग तो दर रविवारी येऊ लागला. ताकात कुस्करलेली मक्याची भाकरी त्याला पहिल्यांदा बघवेना. महिन्याभराने स्वतःच मागू लागला.

"मिस ओनेटा, हे दिसतं वाईट, पण लागतं बरं."

"तुझ्या डाव्या हाताच्या शॉटसारखं," ती म्हणायची. "फक्त तो लागतही नाही बरा."

डुईचे फोन वाढत गेले. टेरेलची दाढ सुजली होती. डॉक्टर चाळीस मैलांवर, ओनेटाने गाडी काढली. टेरेलची आई बसने येणार होती, तिला मुक्कामाला कुठे ठेवायचं? ओनेटाच्या मागच्या खोलीत. आजीच्या मयताला त्याला मेम्फिसला पोचवायचं होतं, तेव्हा सत्तरीला टेकलेल्या या बाईने सहा तास गाडी चालवली. आणि हे सगळं तिने त्या त्या सामन्याच्या पानावर समासात लिहिलं. तिचं मत असं, की नुसत्या गुणांनी सामना कळत नाही. खेळणारा काय जेवला, कसा झोपला, कुणाच्या काळजीत होता, ते ठाऊक असेल तरच आकड्यांना अर्थ येतो. "२४ गुण, ११ रिबाउंड. परवा दाढ काढली. डुईच्या फोनवरून मी नेलं. डाव्या गालाने खातो अजून." अशा तिच्या नोंदी.

१९८७च्या मार्चमध्ये हार्लोने राष्ट्रीय स्पर्धेत दोन सामने जिंकले. लोकांनी रस्त्यावरचे पांढरे पट्टे निळे रंगवले. व्हेस्टाच्या खानावळीत मुख्य कोच बर्डेटच्या नावाचं सँडविच निघालं. ते कुणालाच आवडायचं नाही आणि सगळे मागवायचे.

ऑक्टोबरात राजधानीच्या एका पेपराने पहिल्या पानावर बातमी छापली. हार्लोचे कोच नियम मोडतात. क्लबच्या सभासदांकरवी खेळाडूंना जेवण, गाड्या, घरच्यांना मुक्काम, सगळं पुरवलं जातं. कॉलेजचा खेळाडू हा विद्यार्थी, इतर विद्यार्थ्यांना मिळत नाही ते त्याला समर्थकांकडून मिळता कामा नये, असा नियम होता. आता चौकशी होणार होती.

गाव पेटलं. व्हेस्टाच्या खानावळीबाहेर पिंपात त्या पेपराचा गठ्ठा जाळला गेला. तो जाळण्यासाठी विकत घ्यावा लागला, कारण वर्गणी सगळ्यांनी सकाळीच बंद केली होती. रविवारी पाद्रीबुवांनी आजाऱ्यांच्या यादीत कोच बर्डेटचं नाव घेऊन प्रार्थना केली. अंगणाअंगणात पाट्या लागल्या: आम्ही बर्डेटच्या पाठीशी.

"मोठी कॉलेजं पोरांना ट्रक देतात ट्रक!" खानावळीत हार्लन साइझमोर म्हणाला. तो क्लबचा अध्यक्ष, फर्निचरचा दुकानदार. "त्यांना कोण विचारतं? आम्ही दोन सामने काय जिंकलो, लागले कुत्रे मागे."

"पेपरवाल्याचा मेहुणा त्या दुसऱ्या कॉलेजातला आहे म्हणे," व्हेस्टा कॉफी ओतत म्हणाली.

"मेहुणा नाही, साडू."

"मग तर झालंच!"

ओनेटा सगळ्यांत जास्त संतापली होती. आपल्या मुलांना कुणी लबाड म्हणावं? तिने त्याच पेपराला पत्र लिहिलं. "गेली पंचावन्न वर्षं मी हार्लोची समर्थक आहे. या संघाचा एकेक सामना आणि एकेक मुलगा कसा वागला, ते माझ्या वह्यांत लिहिलेलं आहे. ज्याला शंका असेल त्याने येऊन वाचावं." पेपराने पत्र जसंच्या तसं छापलं. साइझमोरने ते कात्रण दुकानाच्या काचेवर चिकटवलं. दोन दिवस ओनेटा गावाची राणी होती. व्हेस्टाने तिच्याकडून सँडविचचे पैसे घेतले नाहीत.

पुढच्या सोमवारी सकाळी दहा वाजता तपासनीस तिच्या दारात उभा राहिला. हॅल्व्हर्सन नाव, तिशीचा, फार सभ्य. त्याने बूट पायरीवर काढले.

"बस. ॲपल पाय खाशील ना? घरी केलाय."

"मला काही घेता येत नाही, बाई. कॉफीसुद्धा नाही. नियम आहे."

"देवा! पाणी तरी?"

"पाणी चालेल."

तिने वह्या काढल्या. तीन तास ती वाचून दाखवत होती आणि तो लिहून घेत होता. इतकं मन लावून तिच्या वह्या आजवर कुणी ऐकल्या नव्हत्या. दाढेच्या पानावर तर तिला भरून आलं. "बघ, जबड्याला कापूस लावून चोवीस गुण केलेत या मुलाने. असल्या मुलाला लबाड म्हणतात."

"डॉक्टरकडे नेण्याबद्दल तुम्हाला फोन कुणी केला होता?"

"डुईने. इथे लिहिलंय की."

"आणि कोच बर्डेटना ठाऊक होतं?"

"ठाऊक नसायला काय झालं? सोमवारी स्वतः आभार मानले त्यांनी. हे बघ, खाली."

हॅल्व्हर्सनचं पेन थांबलं. त्याने चष्मा काढून डोळे चोळले. मग जरा खालच्या आवाजात विचारलं, "मिसेस स्टिडम, तुम्ही क्लबच्या सभासद आहात?"

तिने अभिमानाने कोटावरची पिन दाखवली.

तो गेल्यावर तिने ॲपल पायचा एक तुकडा कापून ताटलीत घेतला आणि खाल्ला नाही. काहीतरी बेरीज चुकली होती. ड्रॉवर उपसून तिने ते तीन वर्षांपूर्वीचं पत्रक काढलं, उभ्याउभ्याच वाचलं. सभासदाने खेळाडूला काहीही देऊ नये, हे चौथं कलम वाचून झाल्यावर ती खुर्चीत बसली.

बुधवारी दुपारी साइझमोर आणि डुई रस्क आले. डुईने तिच्याकडे बघितलं नाही. साइझमोरने खिशातून टाइप केलेला कागद काढला.

"ओनेटा, एक सही हवी होती."

तिने चष्मा लावला. "माझं वय सत्तर असून मी एकटी राहते. वह्यांच्या समासात मी करमणुकीसाठी मनाने रचून लिहीत असे. त्यातलं काहीही घडलेलं नाही."

"यातला कुठला भाग खरा आहे?" तिने विचारलं.

"सत्तरीचा," साइझमोर हसला. "एकटी राहतेस, तोही."

"आणि पोराची दाढ?"

"काढली ना? मग आता ती आहे कुठे? झालं तर!" मग त्याने हसू आवरलं. "हे बघ, त्या माणसाने तुझ्या वहीची नक्कल नेलीय. पण म्हातारीच्या कल्पनेची नक्कल काय कामाची? तू सही केलीस की टेरेल त्याचं शेवटचं वर्ष खेळेल. नाही केलीस तर बसेल घरी. त्याला निवडायला व्यावसायिक संघांचे मोठमोठे लोक येणार होते या वर्षी. विचार कर."

"डुई, तू फोन केला होतास ना रे?" तिने विचारलं.

डुई हातातली टोपी फिरवत राहिला. "मला दोन लेकरं आहेत, मिस ओनेटा."

तिने दुसऱ्या दिवसापर्यंत वेळ मागितला. गुरुवारी सकाळी पेपर उघडला नाही. दाढेचं पान काढलं. सगळं पेन्सिलीनेच तर लिहिलेलं. खोडरबर घेऊन तिने "डुईच्या फोनवरून" हे शब्द पुसले. ते सहज गेले. कागद तेवढ्या जागी थोडा पातळ झाला, इतकंच. त्या रिकाम्या जागी तिला टेरेल धावताना दिसत होता, निळ्या गंजीत, डावीकडून. एक सही. आणि मग पुढे केव्हाही, कुठल्याही सामन्याबद्दल ती म्हणणार, मी होते तिथे. आणि ऐकणारा म्हणणार, हो, पण ती बाई मनाने रचते.

तिने पेन्सिल घेतली आणि पुसलेले शब्द त्याच जागी परत लिहिले. दुपारी साइझमोरला त्याचा कागद सही न करताच परत दिला.

"वही बरोबर आहे," ती म्हणाली.

"पोराचं वाटोळं केलंस तू."

आपण खऱ्यासाठी नाही म्हणालो की आपल्या वहीसाठी, हा हिशेब तिने शेकडो सकाळी मांडला. तो कधी एका बाजूने जुळायचा, कधी दुसऱ्या.

जानेवारीत निकाल लागला. टेरेल वर्षभर खेळायचा नाही. मागच्या वर्षीचे सत्तावीस विजय रद्द. जिमच्या छताला लावलेला त्या विजयांचा निळा फलक शिडी लावून उतरवला गेला. बर्डेट कॅमेऱ्यासमोर रडला आणि मे महिन्यात दक्षिणेतल्या एका बड्या विद्यापीठात दुप्पट पगारावर निघून गेला. कोचला ओनेटाने घालवलं, असं गाव म्हणालं. टेरेलही कॉलेज सोडून गेला, त्याबद्दल कुणी फारसं बोललं नाही.

तिला कुणी मारहाण केली नाही. चर्चमध्ये तिच्या बाकावर तिच्या शेजारची जागा मोकळी राहू लागली. दुकानात शिरली की कुणीतरी मोठ्याने म्हणायचं, "जपून बोला रे, लिहून घेईल." एका सकाळी पायरीवर कोंबडीच्या हाडांची पुडी मिळाली. आत चिठ्ठी, "हेही लिहून ठेव." पुऱ्या हंगामाचं तिकीट नवं करायचं पत्र आलं नाही. चौकशी केल्यावर कळलं, ती खुर्ची साइझमोरच्या जावयाला गेली.

ती एकदाच खानावळीत गेली. व्हेस्टा गल्ल्यामागून म्हणाली, "आम्हीही त्या पोरावर माया केली हो, ओनेटा. पण आमच्याकडे काही तो जेवला नाही कधी."

"बोलावलंत कधी?" ओनेटा म्हणाली. कॉफी अर्धी टाकून उठली.

टेरेलचा फोन आला तो गाव सोडताना, बस स्टँडवरून. मागे गाड्यांची नावं पुकारली जात होती. त्याचा आवाज रागाचा नव्हता. राग असता तर तिला बरं वाटलं असतं.

"मिस ओनेटा, तुम्ही खोटं काही लिहिलं नाहीत, मला ठाऊक आहे. पण लिहिलंतच कशाला?"

"मला वाटलं, कुणीतरी लिहून ठेवायला हवं, पोरा."

"कुणासाठी?"

तेवढ्यात त्याची बस लागली. जातो, म्हणाला. नंतर तिने मेम्फिसच्या पत्त्यावर तीन पत्रं पाठवली. दोन परत आली. तिसऱ्याचं काय झालं, कळलं नाही. तो गोदामात काम करतो आणि गुडघा अधू झालाय, असं पुढे कुणाकडून तरी कानावर आलं. खात्री नसल्यामुळे तिने ते कुठेच लिहिलं नाही.

डुई रस्क पाच वर्षांनी हार्लोचा मुख्य कोच झाला. नव्या जिमला साइझमोरचं नाव लागलं. कॉलेजच्या छापील इतिहासात १९८७च्या ओळीत नुसती एक आडवी रेघ होती. २००१ साली कॉलेजची पंचाहत्तरी आली, तेव्हा ग्रंथालयातून एका बाईचं गोड पत्र आलं. त्या वर्षीचे आमच्याकडचे सगळे तक्ते नष्ट झालेत, तुमच्या वहीवरून आकडे उतरवून घेता येतील का? समासातला मजकूर अर्थातच वगळू. ओनेटाने पोस्टकार्डावर उत्तर पाठवलं, "समासासकट न्या, नाहीतर नको." पुन्हा पत्र आलं नाही.

शेवटचं दीड वर्ष ती वृद्धांच्या दवाखान्यात होती. भाची डार्ला दर शनिवारी यायची. २००३च्या फेब्रुवारीतल्या एका दुपारी हार्लोचा सामना टीव्हीवर लागला होता. समोरच्या दिवाणखान्यात चाकांच्या खुर्च्या गोळा झाल्या होत्या. कुणी निळ्या टोप्या घातल्या होत्या. ओनेटाच्या खोलीचं दार त्याच्या समोरच होतं. एक परिचारिका नवी होती, तिला काही ठाऊक नव्हतं. तिने आत डोकावून हाक मारली, "मिस ओनेटा, चला की! तुम्ही म्हणे फार मोठ्या चाहत्या होतात."

ओनेटा भिंतीकडे बघत होती. पलीकडे कुणाचा तरी शॉट पडला आणि सगळे ओरडले. त्या ओरडण्याने तिची मान आपसूक तिकडे वळली, ती तिने परत फिरवली.

"आत्या, नेऊ का तुला?" डार्लाने विचारलं. "मागेच बसू, कुणी काही म्हणणार नाही. निम्म्यांना तर कालचंही आठवत नाही."

ओनेटाने पांघरूण छातीपर्यंत ओढलं. सोमवारी ती गेली. डार्लाशी ती त्या दुपारी शेवटचं बोलली, ते एवढंच:

"नको. दार तेवढं लोटून घे गं, आवाज येतोय."